छंदासाठी पंचांग आणि रोस्टर शेजारी ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आयटीतल्या नोकरीत छंदाला वेळच मिळत नाही, ही तक्रार हिंजवडीपासून खराडीपर्यंत सगळीकडे ऐकू येते. सायकल बाल्कनीत धूळ खात असते, कॅमेऱ्याची बॅटरी सहा महिने चार्ज झालेली नसते, हौसेने घेतलेली दुर्बीण कपाटाच्या वरच्या फळीवर असते. तक्रार खरी आहे. पण आमच्या मते अडचण तासांपेक्षा तारखांची जास्त आहे. आकाश, पाऊस आणि ऑफिस या तिघांचे वर्षभराचे वेळापत्रक बऱ्याच अंशी आधीच कळते. ते कोणी शेजारी शेजारी ठेवून पाहत नाही. मग शनिवार उजाडल्यावर बेत सुरू होतो आणि त्या रात्री नेमका चंद्र डोक्यावर असतो, किंवा फोन ऑन-कॉलचा असतो, म्हणजे सुट्टीतही ऑफिसच्या हाकेला हजर राहण्याची आपली पाळी असते. सायकल, आकाशनिरीक्षण आणि फोटोग्राफी नोकरी सांभाळून करू पाहणाऱ्यांसाठी काही उपयोगाच्या गोष्टी इथे मांडत आहोत.

सुरुवात भिंतीवरच्या दिनदर्शिकेपासून करावी. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यामुळे काळोख्या रात्री शोधायला वेगळे ॲप लागत नाही. वर्षात बारा-तेरा अमावास्या. त्यातल्या चार-पाच जून ते सप्टेंबरच्या ढगांत जातात. उरलेल्या सात-आठांपैकी काही चक्क सुट्टीला चिकटून येतात, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. लक्ष्मीपूजन अमावास्येचे आणि पाठोपाठ पाडव्याची सुट्टी. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला, म्हणजे रात्रभर चंद्राचा त्रास नाही. गुढीपाडवा फाल्गुन अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. रमजान ईद चंद्रदर्शनावर ठरते, म्हणून तीही अमावास्येनंतर एक-दोन दिवसांतच येते आणि सध्याची काही वर्षे ती कोरड्या महिन्यांत आहे. याउलट गुरुनानक जयंती, धुळवड, बुद्धपौर्णिमा या सुट्ट्या भरल्या चंद्राच्या. त्या सायकलला द्याव्यात, किंवा चांदण्यातल्या डोंगरांच्या फोटोंना. पौर्णिमेच्या उजेडात आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची क्षमता) ८००, एफ २.८ (लेन्सचे तोंड किती उघडे त्याचा आकडा) आणि दहा-पंधरा सेकंद एवढ्यात किल्ल्याचा कडा स्वच्छ दिसतो आणि मागे ठळक ताऱ्यांचे ठिपकेही येतात.

अमावास्येपर्यंत थांबलेच पाहिजे असेही नाही. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ प्रत्येक दिनदर्शिकेत छापलेली असते. ती साधारण नऊच्या आसपास असते आणि पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा चंद्र उगवतो. समजा संकष्टी मंगळवारी आहे. त्या शनिवारी चंद्र सव्वाबाराच्या सुमारास उगवेल. सूर्यास्तानंतर पुण्यात पूर्ण काळोख व्हायला ७५ ते ८० मिनिटे लागतात. म्हणजे साडेसात ते बारा असे साडेचार तास हातात आले, तेही जागरणाशिवाय. अमावास्येनंतरची विनायकी धरली तर चंद्र दहाच्या आगेमागे मावळतो आणि उत्तररात्र मोकळी मिळते. हे एकदा जमले की कोरड्या महिन्यांत महिन्याला दोन शनिवार सहज निघतात.

आता दुसरे कॅलेंडर, ऑफिसचे. अमेरिकन क्लायंटबरोबर काम करणाऱ्यांना एक गोष्ट दरवर्षी नव्याने खटकते. न्यूयॉर्कची सकाळी साडेनऊची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी सातला असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळे मागे जातात आणि तीच मीटिंग आठला येते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ती पुन्हा सातवर. लंडनवाल्यांचे हेच ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी होते. म्हणजे आपल्याकडे पाऊस संपून आकाश धुतल्यासारखे होते, नेमकी तेव्हाच आपली संध्याकाळ एका तासाने आखूड होते. त्यामुळे हिवाळ्यात रोज थोडा वेळ गच्चीवर जाऊ, हा बेत आठवडाभरही टिकत नाही. ते तास शनिवारवर टाकावेत आणि कामाच्या दिवसांत फक्त सायकल ठेवावी.

तीसुद्धा पहाटेची असलीच पाहिजे असा हट्ट नको. रात्री अकरापर्यंत कॉल आणि पहाटे पाचला सिंहगड रोड हे दोन आठवडे जमते. तिसऱ्या आठवड्यात एक तर ताप येतो, नाही तर सायकल सुटते. ज्यांचे घर ऑफिसपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे त्यांनी आठवड्यातून दोन दिवस सायकलनेच ऑफिस गाठावे. ताशी १८ किलोमीटरच्या वेगाने बारा किलोमीटरला चाळीस मिनिटे लागतात, आणि वाकड पुलावर गाडीतही तेवढी जातातच. साडेसातच्या आत निघावे. दोन दिवसांचे कपडे, टॉवेल आणि चपला सोमवारीच ऑफिसात नेऊन ठेवाव्यात. लॅपटॉप पाठीवर न घेता मागच्या कॅरिअरच्या बॅगेत, उभा आणि चाकाच्या बाजूला पुठ्ठा लावून ठेवावा. पाठीवरच्या ओझ्याने घाम दुप्पट येतो आणि सगळे वजन मनगटांवर उतरते.

मनगटांचे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण या नोकरीतल्या माणसाचे हात आधीच थकलेले असतात. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल तर दोष बहुधा कीबोर्ड-माऊसच्या सवयीचा असतो. तिथे मनगटातल्या मधल्या नसेवर दाब येतो. करंगळी आणि अनामिका बधिर होत असेल तर कारण सायकलचे हँडल. तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाणारी नस तिथे दबते. पहिल्या प्रकारात सायकल बदलून उपयोग नाही आणि दुसऱ्यात महागडा कीबोर्ड घेऊन उपयोग नाही. हँडलवर भार वाढण्याचे नेहमीचे कारण म्हणजे सीटचे नाक खाली झुकलेले असणे. माणूस पुढे घसरत राहतो आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो. सीटवर गवंड्याची बुडबुड्याची लेव्हल ठेवून ती आडवी सरळ करावी. उंचीसाठी साधे गणित आहे. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहावे, मांड्यांच्या मध्ये पुस्तक घट्ट वर सरकवावे, जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजावे आणि त्याला ०.८८३ ने गुणावे. ८० सेंटिमीटर आले तर क्रँकच्या (पायडलच्या दांड्यांच्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ७०.६ सेंटिमीटर. ही सुरुवात समजावी. गुडघा पुढून दुखला तर सीट थोडी वर, मागून दुखला तर थोडी खाली, एका वेळी पाच मिलिमीटरच. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांच्या मांड्यांचे मागचे स्नायू आखडलेले असतात, म्हणून त्यांना गणिताने आलेली उंची सुरुवातीला जास्तच वाटते.

पावसाळा संपल्यावर रस्त्याच्या कडेला काच आणि बाभळीचे काटे साचलेले असतात. बहुतेक लोक पंक्चर झाले की नवी ट्यूब घालतात, हवा भरतात आणि दोन किलोमीटरवर पुन्हा थांबतात. काटा टायरमध्ये तसाच असतो. ट्यूब काढताना तिचा व्हॉल्व्ह टायरवर कुठे होता ते लक्षात ठेवावे. ट्यूबला हवा भरून भोक शोधावे आणि ती टायरवर तशीच धरली की काटा कुठे असणार ते कळते. बाहेरून तो दिसत नाही, रबरात मोडून बसलेला असतो. कापसाचा बोळा टायरच्या आतून सावकाश फिरवावा. जिथे कापसाचा तंतू अडकतो तिथे काटा. बोटाने चाचपू नये, काच असली तर बोट कापते. ऑफिसला पोचण्याच्या घाईत ही तीन मिनिटे वाचवली की पुढे अर्धा तास जातो.

ऑन-कॉलच्या आठवड्याबद्दल आमचे मत ठाम आहे. त्या आठवड्यात डोंगरात जाऊच नये. लॅपटॉप आणि हॉटस्पॉट घेऊन जातो म्हणणाऱ्यांना तोरण्याच्या पायथ्याला डोंगराआड रेंज कशी जाते ते माहीत नसते, आणि अर्धे लक्ष फोनकडे असले की डोळे काळोखाला सरावतच नाहीत. त्यापेक्षा तिमाहीच्या सुरुवातीलाच पंचांग समोर ठेवून पाळ्यांची अदलाबदल मागावी. ऐन आठवड्यात मागितलेली अदलाबदल मेहेरबानी ठरते, दोन महिने आधी मागितली तर तो साधा हिशेब असतो. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुनेतला जेमिनिड उल्कावर्षाव सर्वांत जोरात असतो आणि आपल्याकडे तेव्हा आकाश बहुधा निरभ्र असते. ऑगस्टमधला पर्सिड मात्र आपल्या ढगांत बुडतो. एकच रात्र मागायची असेल तर डिसेंबरची मागावी, आणि बदल्यात पौर्णिमेचा आठवडा स्वतःहून घ्यावा.

झोपेचा हिशेब आधी मांडावा. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटून तसेच थेट भोर किंवा वेल्ह्याकडे निघण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती धोक्याची आहे. पाच दिवसांची अपुरी झोप, वर पूर्ण जागरण, आणि पहाटे चार-पाचला परतीचा घाट. शरीराची मरगळ याच वेळी सर्वांत जास्त असते. डुलकी लागल्याचे चालवणाऱ्याला कळतसुद्धा नाही. शनिवारची रात्र घ्यावी. दुपारी दीड तास झोप, चहा-कॉफी रात्री दहानंतर बंद, पहाटे तिथेच अंथरूण आणि आठनंतर परतीचा रस्ता. रविवारी दुपारी झोपलात तरी वीस मिनिटेच, म्हणजे सोमवारची सकाळ बिघडत नाही. जागरणानंतरच्या सकाळी सायकल चालवू नये. सायकल, आकाश आणि फोटो तिन्ही एकाच सहलीत बसवण्याचा मोह सगळ्यांना होतो. बसवायचेच असेल तर दुपारी सायकलने पोचावे, रात्री बारापर्यंत आकाश पाहावे, सात तास झोपावे आणि मग परतावे.

जागा निवडताना अंतरापेक्षा दिशा महत्त्वाची. पुण्याहून आकाशातला सगळा ऐवज दक्षिणेकडे आहे. आकाशगंगेचा मध्यभाग धनु राशीत आहे आणि पुण्याहून तो जास्तीत जास्त ४२ अंश वर येतो. अगस्त्य हा तारा १९ अंशांच्या आत, तर त्रिशंकू हा तारकासमूह पंधराच्या आतच राहतो. म्हणून पुण्याच्या दक्षिणेला, भोर-वेल्ह्याच्या बाजूला जावे. शहराचा उजेड तिथे उत्तरेला, पाठीमागे राहतो. जुन्नरकडे काळोख चांगला असला तरी पुण्याच्या उजेडाचा पिवळट घुमट दक्षिण क्षितिजावर येतो आणि त्रिशंकू त्यातच बुडतो. शिवाय जुन्नरच्या उसात बिबट्या आहे, तिथे रात्री एकट्याने बांधावरून फिरू नये. कुठेही गेलात तरी मोकळी जागा कोणाची आहे ते विचारावे, वनखात्याची हद्द किंवा संरक्षित किल्ला असेल तर परवानगीशिवाय थांबू नये, आणि गावच्या पोलीस पाटलांना फोन करून ठेवावा. मध्यरात्री अनोळखी गाडी आणि आकाश पाहणाऱ्यांच्या लाल बॅटऱ्या दिसल्या की गाव जागे होते, आणि ते रास्तच आहे. पायात बूट हवेत. घोणस थंडीतही बाहेर असते.

आकाशगंगेच्या फोटोसाठी मे महिन्यात रात्रभर जागावे लागते. मेच्या मध्याला तिचा मध्यभाग साडेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीनच्या आसपास सर्वांत उंच येतो. त्यात तेव्हा हवा धुरकट असते, वळवाचे ढग असतात. नोकरदारांनी ऑक्टोबरचा उत्तरार्ध धरावा. पाऊस नुकताच गेलेला असतो, काळोख पडताच नैर्ऋत्येला तोच भाग तयार उभा असतो आणि नऊ-साडेनऊपर्यंत मावळायला टेकतो. अकराला झोपता येते. दिवाळीच्या रात्री मात्र शहरापासून पन्नास किलोमीटर तरी लांब असावे, फटाक्यांचा धूर खाली रेंगाळतो.

पहिली खरेदी टेलिस्कोपची नको. १० बाय ५० ची, म्हणजे दहा पट मोठे दाखवणारी आणि ५० मिलिमीटर काचेची, दोन डोळ्यांची दुर्बीण घ्यावी. वजन किलोच्या आत, सायकलच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून नेता येते. कॅरिअरवर उघडी बांधली तर हादऱ्यांनी तिचे दोन डोळे एकमेकांशी जुळेनासे होतात आणि एका ताऱ्याचे दोन दिसू लागतात. ७ बाय ५० बद्दल बरेच लोक विचारतात. तिच्यातून येणारा प्रकाशझोत सात मिलिमीटर रुंद असतो, आणि चाळिशीनंतर बहुतेकांची बाहुली तेवढी उघडत नाही. उरलेला प्रकाश वाया जातो. डोळे काळोखाला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या एका नजरेने ती पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात.

फोटोत सर्वांत जास्त चुकते ते फोकस. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर कडी नेऊन ठेवली की झाले, असे मानले जाते. बहुतेक लेन्सची कडी त्या खुणेच्या थोडी पुढेही जाते, आणि तारे गोळ्यांसारखे येतात. एखादा ठळक तारा मधोमध आणावा, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, दहा पट मोठा करावा आणि कडी केसभर केसभर फिरवावी. तारा लहान होत जातो, टाचणीच्या टोकाएवढा होतो, आणि पुढे गेले की पुन्हा फुगतो. सर्वांत लहान जिथे होता तिथे परत यावे आणि कडीवर कागदी टेप लावावी. दोन तासांनी पुन्हा तपासावे, थंडी वाढली की फोकस सरकतो. ट्रायपॉडवर लेन्सचे स्थिरीकरण बंद ठेवावे. किती सेकंद उघडे ठेवायचे याचा पाचशेचा नियम (५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचे, छोट्या सेन्सरला मिलिमीटर आधी दीडपट करायचे) सगळ्यांना पाठ आहे, पण तो फिल्मच्या काळातला आहे. १८ मिलिमीटरची लेन्स आणि छोटा सेन्सर असेल तर त्या नियमाने साडेअठरा सेकंद येतात, आणि २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर तेवढ्यात ताऱ्यांच्या रेघा दिसतात. पाचशेऐवजी तीनशे धरावे, अकरा सेकंद. आयएसओ ३२००, लेन्स पूर्ण उघडी, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ.

धरणांच्या काठी डिसेंबर-जानेवारीत अकरानंतर दव पडते. फोटो एकेक करून धूसर होत जातात आणि लोकांना वाटते ढग आले. लेन्सवर बॅटरी मारून पाहावी. पुसू नये, काचेवर रेघोट्या राहतात आणि दोन मिनिटांत पुन्हा दव येते. पॉवर बँकवर चालणारी गरम पट्टी लेन्सच्या पुढच्या काचेच्या मागे, पहिल्या फोटोपूर्वीच गुंडाळावी. घरी आल्यावर कॅमेरा बंद बॅगेतच दोन तास राहू द्यावा.

पावसाळ्यात हाच कॅमेरा बुरशीने मरतो. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू धरतात आणि ते काचेवरचा लेप खातात. मग साफ करूनही डाग राहतो. कापडी बॅगेत कपाटात ठेवणे सर्वांत वाईट. घट्ट झाकणाचा स्वयंपाकघरातला डबा, पाव किलो सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा एवढ्यात भागते. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर कढईत कोरडे करून, थंड झाल्यावरच पुन्हा घालावे. कढई जुनी असावी, पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये.

दोन मागण्या मात्र एकेकट्याने सुटणाऱ्या नाहीत. आयटी पार्कमधल्या कंपन्यांनी तळघरात सायकलला लोखंडी चौकट, चार्जिंगची सोय आणि मजल्यामागे एक तरी न्हाणीघर द्यावे. जिममध्ये शॉवर आहे, पण जिमचे सभासदत्व असल्याशिवाय दार उघडत नाही, असे अनेक ठिकाणी आहे.

दुसरी मागणी पथदिव्यांची. विदर्भातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारा परिसर, म्हणून मान्यता मिळाली. त्याआधी जंगलालगतच्या गावांतले दिवे बदलून त्यांचे तोंड जमिनीकडे करण्यात आले. रस्त्यावर उजेड कमी झाला नाही, आकाशात जाणारा थांबला. पुणे जिल्ह्यात मुळशी, राजगड आणि भोर तालुक्यांत झपाट्याने नवे एलईडी बसत आहेत. ते ३००० केल्विनपेक्षा (हे उजेडाच्या रंगाचे माप, आकडा वाढला की उजेड पांढरा-निळसर होतो) जास्त पांढरे नसावेत, त्यांची काच आडवी जमिनीला समांतर असावी आणि रात्री अकरानंतर ते निम्म्यावर यावेत, एवढी अट निविदेतच घालता येईल. आधीच बसलेल्या हॅलोजनला वरून पत्र्याची टोपी लावली तरी पुष्कळ फरक पडतो. जिल्हा परिषदेने एका गावात करून पाहावे. टोप्या बनवून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
पुणे परिसरातील काही सायकलस्वार व आकाशनिरीक्षक